इंग्रजीची दूरशिकवणी आणि आपली मुले

इंग्रजी शिकावी की नाही, हा वाद आपल्यापुरता फार पूर्वीच निकालात निघाला आहे. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाई फुले यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले होते. आज संविधानाच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. परदेशी विद्यापीठात जायचे, तर शिष्यवृत्तीच्या आधी इंग्रजीची परीक्षा आडवी येते. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो : ही भाषा आपल्या मुलांना शिकवायची कोणी आणि कशी?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही बारा वर्षे हा विषय घेऊन महाविद्यालयात आलेला विद्यार्थी चार वाक्ये बोलताना अडखळतो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही. घरात, वस्तीत, बाजारात जी भाषा कधी कानावर पडत नाही, ती त्याला पुस्तकात फक्त दिसते. ही उणीव सधन घरांनी खासगी शिकवणीने भरून काढली. गावातल्या मजुराच्या मुलीला ना तो शिक्षक मिळाला, ना त्याचे शुल्क परवडले.

२०२० च्या टाळेबंदीपासून ही शिकवणी मोठ्या प्रमाणावर फोनवर आली. शिक्षक आणि विद्यार्थी यांची गाठ घालून देणारी संकेतस्थळे आता पुष्कळ आहेत. त्यांची रीत समजून घेतली पाहिजे. शिक्षक आपले नाव, छायाचित्र आणि दर मांडतो, विद्यार्थी निवड करतो आणि मधला दलाल आपला वाटा घेतो. कुठे पहिल्या तासाचे सगळे शुल्क दलालच ठेवतो, तर कुठे विद्यार्थ्याचा क्रमांक मिळवण्यासाठी शिक्षकालाच आधी पैसे मोजावे लागतात. जुन्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या तारकांवर शिक्षकाची पत ठरते. त्यामुळे ज्याच्याकडे आधीच गर्दी आहे, त्याच्याकडेच पुढची गर्दी जाते. त्यातही इंग्रजी ही ज्याची जन्मभाषा, त्याचा मान मोठा. जन्मावरून योग्यता ठरवण्याची ही पद्धत आपल्या परिचयाची आहे. शिवाय यादीत नावाबरोबर आडनावही दिसते. ते वाचून इथे कोणी निवड करत नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

परंतु मराठी मुलाला इंग्रजी शिकवायला खरोखर योग्य कोण, याचा विचार केला तर वेगळेच उत्तर मिळते. मराठीत माणसाला ताप येतो, भूक लागते. तिथे ‘मला’ असते. इंग्रजीत ‘आय ॲम हंग्री’ म्हणताना तोच माणूस कर्ता होतो. ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ या वाक्याचे ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’ होते, कारण मराठीत इथे साधा वर्तमानकाळ चालतो. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीतच. मराठी न जाणणारा शिक्षक चूक दुरुस्त करील, पण ती कुठून आली हे त्याला सांगता येणार नाही. ही वाट स्वतः धडपडत चाललेला पहिल्या पिढीचा पदवीधर ते सांगू शकतो. असे पदवीधर आज तासिका तत्त्वावर राबत आहेत किंवा घरी बसून आहेत. एकीकडे शिक्षक रिकामा आणि दुसरीकडे विद्यार्थी वंचित. ही गाठ आपणच का घालू नये?

त्यासाठी साधनांचे वास्तव ओळखले पाहिजे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वर्षांच्या सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आहे. मात्र तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के आणि मुली सुमारे २७ टक्के. घरात फोन असला तरी तो दिवसभर बापाच्या किंवा भावाच्या खिशात असतो. म्हणून तासाची वेळ मुलीला फोन मिळण्याच्या वेळेवर ठरवावी. चित्रासह तास घेतला तर इंटरनेट फार खर्च होते. बोलणे शिकवायला साधा कॉल पुरतो. धडा आदल्या दिवशी संदेशाने पाठवावा. पाच-सहा मुले समाजमंदिरात किंवा विहारात एका फोनभोवती बसली, तरी तास होतो. एकमेकांशी बोलायला जोडीदार मिळतो, हा लाभ वेगळाच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिक्षकाला मोबदला मिळालाच पाहिजे. समाजकार्य म्हणून फुकट राबवून घेतलेला बेकार पदवीधर दोन महिन्यांत थकतो आणि वर्ग बंद पडतो. नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या लोकांनी एकेका वर्गाचा खर्च उचलावा. हा उपकार नव्हे, ते आपल्यावरचे देणे आहे. अर्थात यामुळे शाळेची जबाबदारी संपत नाही. शासनाकडे चांगल्या इंग्रजी शिक्षकाची मागणी आपण सोडायची नाही.

वरच्या वर्गांना दिलेले शिक्षण झिरपत खाली येईल, हा सरकारी समज जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे खोडून काढला होता. आज तीच आशा बाजाराच्या नावाने दाखवली जाते. शिक्षक फोनवर आला म्हणजे तो आपल्या वस्तीत आपोआप पोहोचेल, असे नाही. त्याला तिथवर आणावे लागेल. ज्या कार्यकर्त्याला आपल्या तालुक्यातले दोन पदवीधर आणि दहा विद्यार्थी माहीत आहेत, त्याने हे काम याच महिन्यात सुरू करावे.