तारापूरचा अणू आणि एम.आर.आय.चा अणू

बोईसरला शिक्षकांच्या एका मेळाव्यात बोलण्याचा योग आला होता. विषय होता वैद्यकीय प्रतिमा. आम्ही याच क्षेत्रात संशोधन करत असल्याने क्ष-किरणांपासून सुरुवात करून एम.आर.आय.पर्यंत यायचे, असा बेत होता. पण त्याआधीच, चहाच्या वेळी, नववीला विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हाला गाठले.

त्यांच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांना एकाएकी फिट आली होती. डॉक्टरांनी मेंदूचा एम.आर.आय. काढायला सांगितला. मुलगा चौकस. त्याने पुस्तकात शोधले, तर या तंत्राचे मूळ नाव ‘अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन’ असे निघाले. ते त्याने घरी वाचून दाखवले आणि आजी म्हणाली, “अणूचं मशीन? इथं तारापूर आहे तेवढं पुरे. काही नको.” तपासणी दोन आठवडे लांबली होती.

“सर, नावात अणुकेंद्रक आहे हे तर खरंच ना? मग त्या घरी जाऊन मी सांगू काय?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. या पट्ट्यातल्या तीन पिढ्या त्याच्या शेजारी वाढल्या आहेत. ‘अणू’ म्हटले की किरणोत्सर्ग, हे समीकरण इथे पाठ्यपुस्तकाच्या आधी घरातच शिकले जाते. आणि ही धास्ती एकट्या बोईसरची नाही. १९८०च्या दशकात पाश्चात्त्य रुग्णालयांतून ‘अणुकेंद्रकीय’ हा शब्द नावातून गळाला, त्यामागे रुग्णांची हीच भीती हे एक कारण होते. शब्द गाळल्याने भीती गेली, समजूत मात्र आली नाही, असे आमचे मत आहे.

तेव्हा खरे उत्तर असे : होय, एम.आर.आय.मध्ये अणुकेंद्रक आहे. पण कोणते, आणि त्याचे केले काय जाते, हे पाहिले पाहिजे. तारापूरच्या अणुभट्टीत युरेनियमचे जड केंद्रक फुटते. एम.आर.आय.मध्ये वापरतात ते हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे एकटा प्रोटॉन. त्यात फुटण्यासारखे काही नाही. आणि तो बाहेरून शरीरात घालावा लागत नाही. आपल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणी असते आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत असे दोन प्रोटॉन असतात. प्रत्येक प्रोटॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक आहे, आणि त्याला भोवऱ्यासारखी स्वतःभोवतीची फिरकही आहे.

इथे वर्गात एक प्रयोग करून पाहावा. होकायंत्र टेबलावर ठेवून सुई स्थिर होऊ द्यावी. मग डब्याला हलकी टिचकी मारावी. सुई उत्तर-दक्षिण रेषेच्या दोन्ही बाजूंना सावकाश झोके घेते. आता एक पट्टीचुंबक थोड्या अंतरावर आणून पुन्हा टिचकी मारावी. झोके जलद होतात. चुंबक आणखी जवळ आणला की आणखी जलद. म्हणजे झोक्यांच्या गतीवरून चुंबक किती जवळ आहे हे सांगता येते. एम.आर.आय.चे अर्धे तत्त्व या टेबलावर आले. फरक असा की प्रोटॉनला फिरक असल्याने तो सुईसारखा झोके न घेता, कलत्या भोवऱ्याप्रमाणे क्षेत्राच्या दिशेभोवती डोलतो, आणि डोलण्याची वारंवारता क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढते : दर टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ.

रुग्णालयातले नेहमीचे यंत्र १.५ टेस्लाचे असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून हे अधिक. तरीही एवढ्या चुंबकात सगळे प्रोटॉन शिस्तीत उभे राहतात असे समजू नये. शरीराच्या तापमानाला रेणूंची धडपड इतकी असते, की क्षेत्राच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने असलेल्या प्रोटॉनांच्या संख्येत दहा लाखांमागे जेमतेम पाचांचा फरक पडतो. त्या पाचांवर सगळा कारभार. पाण्यात प्रोटॉन अगणित असतात, म्हणूनच तो चालतो.

१.५ टेस्लामध्ये डोलण्याची वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ येते. आपण ऐकतो त्या एफ.एम. रेडिओच्या ही थोडी खालीच. तेवढ्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली, की झोपाळ्याला ठेक्यात धक्के दिल्यासारखे प्रोटॉन ऊर्जा घेतात. हेच अनुस्पंदन. लहर थांबवली की ते पूर्वस्थितीकडे परततात आणि परतताना क्षीण रेडिओसंदेश देतात. तोच यंत्र ऐकते. या लहरीच्या एका पुंजाची ऊर्जा रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी असते. क्ष-किरण पेशीतला डी.एन.ए. दुखवू शकतात, ही लहर फार तर अंग किंचित कोमट करते. आजींना सांगायचे ते एवढेच होते.

पण तारापूरचा आणि एम.आर.आय.चा एक खरा संबंध आहे, आणि तो आम्हाला फार आवडतो. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या जड पाणी वापरणाऱ्या प्रकारच्या आहेत. जड पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असते. त्याचे केंद्रकही डोलते, पण साध्या हायड्रोजनच्या साडेसहाव्या भागाइतक्या वारंवारतेने. त्यामुळे हायड्रोजनवर जुळवलेल्या यंत्राला जड पाणी दिसतच नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या तंत्राने काढलेली पहिली प्रतिमा प्रसिद्ध केली. ती माणसाची नव्हती, उंदराचीही नव्हती. जड पाण्याने भरलेल्या काचनळीत साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या, एवढेच. चित्रात जड पाणी अदृश्य आणि साध्या पाण्याचे दोन ठिपके! लॉटरबर यांची युक्ती म्हणजे आपला होकायंत्राचा प्रयोग : चुंबकीय क्षेत्र एका बाजूला किंचित जास्त ठेवायचे, म्हणजे प्रोटॉन कुठे आहे ते त्याच्या वारंवारतेवरूनच कळते. त्यांना आणि ब्रिटनच्या पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकात रेमंड डमाडियन यांचे नाव नव्हते आणि त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन त्याचा निषेध केला होता.

डमाडियन यांचे काम मात्र कर्करोगाच्या दृष्टीने मोलाचे. १९७१ मध्ये त्यांनी दाखवले, की उंदरांमधील काही अर्बुदांतल्या पाण्याचे प्रोटॉन निरोगी ऊतींतल्या प्रोटॉनांपेक्षा सावकाश पूर्वस्थितीला येतात. या वेळेला शिथिलनकाल म्हणतात. पाणी तेच, पण ते कोणत्या वस्तीत राहते त्यावर त्याचे वागणे बदलते. क्ष-किरणांना मेंदूतला करडा आणि पांढरा भाग जवळजवळ सारखाच दिसतो. शिथिलनकालावर आधारलेल्या चित्रात ते ठळक वेगळे होतात. मेंदूविकारांच्या तपासणीत या तंत्राने जागा पटकावली ती त्यामुळे. मात्र केवळ शिथिलनकालावरून कर्करोग ओळखता येईल ही सुरुवातीची आशा फोल ठरली. साधी सूज आली तरी तो काळ वाढतो.

मग पाण्याची आणखी एक गोष्ट विचारायची : ते हलते किती? पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे धडकत भटकतात. रविवारी दुपारी केळव्याच्या किनाऱ्यावर मुलगा मोकळा सोडला तर तो दहा मिनिटांत कुठल्या कुठे जातो. तोच मुलगा सकाळच्या गाडीच्या वेळी बोईसरच्या फलाटावर सोडला तर जागचा हलत नाही. पेशींची दाटी झालेल्या अर्बुदात पाण्याची अवस्था फलाटासारखी होते. प्रोटॉनचा संदेश या भटकण्यानुसार कमीजास्त होईल अशी योजना करता येते. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून तिचा वापर प्रतिमांसाठी होऊ लागला. सर्वांत मोठा लाभ झाला पक्षाघातात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, की काही मिनिटांतच तिथल्या पेशी फुगतात आणि पाणी अडकते. सी.टी. स्कॅनमध्ये जो भाग पहिले काही तास जवळपास निरोगी दिसतो, तो इथे उजळून उठतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या मिनिटांची किंमत कळेल. अर्थात रक्तस्राव झालेला नाही हे आधी पाहावे लागते, आणि ते काम सी.टी. झटपट करते. डोक्याला मार लागलेल्या माणसालाही आधी तिथेच नेतात, आणि ते योग्यच आहे.

नसांचे तंतू ज्या दिशेने जातात त्या दिशेने पाणी सहज वाहते, आडवे कमी. त्यावरून मेंदूतल्या तंतूंच्या वाटा रेखाटता येतात. गाठ काढताना हात हलवण्याची वाट कोणती आणि बोलण्याची कोणती, याचा अंदाज शल्यविशारदाला शस्त्रक्रियेआधी येतो.

आता थोडे मुंबईकडे. एस. एस. धर्माधिकारी नव्हे, धर्मट्टी. हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. धर्मट्टी हे १९५१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह काम करत होते. या तिघांनी साध्या अल्कोहोलमधील हायड्रोजनचा संदेश तपासला, तर एकाऐवजी तीन शिखरे मिळाली. अल्कोहोलच्या रेणूतले सहा हायड्रोजन तीन निरनिराळ्या शेजारांत राहतात : एक, दोन आणि तीन असे. शिखरांची क्षेत्रफळेही त्याच प्रमाणात. म्हणजे केंद्रक आपला रासायनिक शेजार सांगते! धर्मट्टी पुढे मुंबईत होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे या विषयाचा संशोधनगट त्यांनी उभा केला. आज मेंदूतल्या संशयास्पद गाठीत चाकू न लावता रसायने तपासतात, ती याच तत्त्वावर. चेतापेशींशी निगडित एक रसायन कमी झाले आणि पेशीपटल बांधणीशी संबंधित कोलीन वाढले, तर गाठ वाढती असल्याचा संशय बळावतो. संशयच. कर्करोगाचा निवाडा शेवटी बहुधा ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो. रिपोर्टातल्या एका शब्दाने हातपाय गाळणारी घरे आम्ही पाहिली आहेत, म्हणून हे सांगतो.

हे सगळे बाईंना सांगून झाल्यावर आम्ही सहज विचारले, “वडील काम काय करतात?”

“एम.आय.डी.सी.त. ग्राइंडिंगवर.”

आता घाबरण्याची पाळी आमची होती. कारण एम.आर.आय.चा धोका नावातल्या पहिल्या शब्दात नाही, दुसऱ्या शब्दात आहे. त्यातला चुंबक अतिसंवाहक तारेचा असतो. द्रवरूप हेलियमने ती तार उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात. तो पंख्यासारखा बटणाने बंद होत नाही. रात्रीही, यंत्र वापरात नसतानाही, चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला प्राण गमवावे लागले. आणि घासकामात, लेथवर किंवा पत्र्याच्या कामात उडालेला लोखंडाचा कण वर्षानुवर्षे डोळ्यात राहू शकतो, माणसाला पत्ताही नसतो. त्या क्षेत्रात असा कण डोळ्याच्या आतच सरकतो. पूर्वी पत्र्याचे काम केलेल्या एका माणसाची एका डोळ्याची दृष्टी अशा तपासणीत गेल्याची नोंद १९८६ मध्ये अमेरिकेत झाली आहे. पेसमेकर, शस्त्रक्रियेत बसवलेल्या क्लिपा, छातीत राहिलेला छर्रा, सगळे तंत्रज्ञाला आधी सांगावे लागते. दागिने उतरवायला लावतात तेव्हा बायका कुरकुरतात. सोने चुंबकाला चिकटत नाही हे खरे. पण आतल्या पिनेचा भरवसा नसतो, आणि रेडिओलहरींनी धातूत धारा निर्माण होऊन तो तापू शकतो.

तपासणीआधी एक छापील अर्ज भरून घेतात. त्यात धातूविषयी प्रश्न असतात, पण अर्ज बहुधा इंग्रजीत असतो आणि घाईत भरला जातो. मुलाच्या वडिलांनी तो भरला असता तर डोळ्यापुढे ‘नाही’ असेच लिहिले असते, कारण त्यांच्या लेखी डोळ्यात काही नव्हतेच.

बाई त्याच संध्याकाळी त्या घरी गेल्या. आत धडधड ठोकल्यासारखा आवाज येतो तो कशाचा, हेही त्यांनी मुलाकडून वदवून घेतले : चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून विद्युतधारा गेली की तारेवर बल लागते, दहावीतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. आजीला नियमाशी कर्तव्य नव्हते. अंगात काही सोडत नाहीत आणि काही जाळत नाहीत, एवढे तिला पुरले. आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढला. उजव्या डोळ्यात पापणीलगत एक कण दिसला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो काढला आणि त्यानंतरच्या आठवड्यात एम.आर.आय. झाला.

मेंदूत गाठ होती. पण चित्रात तिच्या पातळ गोल भिंतीच्या आत एक ठिपका स्पष्ट दिसत होता. ते पट्टकृमीच्या अळीचे डोके. आपल्या देशात फिट येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, आणि त्यावर औषध आहे. मुलाने ते चित्र वर्गात नेऊन दाखवले, असे बाईंनी फोनवर सांगितले. फिल्म खिडकीच्या काचेला लावली होती.