खाडीकांठचा पक्षिविहार

सुट्टीच्या दिवशीं मुलांस कोठें न्यावें, हा प्रश्न मुंबई-ठाण्याच्या गृहस्थांस नेहमीं पडतो. त्यांनीं हिवाळ्यांत वा वसंतांत ठाण्याच्या खाडीवर जावें. या खाडीच्या एका भागास 2015 सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. 2022 सालीं खाडीचा समावेश जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत झाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रांतून होड्या सुटतात. मात्र त्यांची वेळ भरती-ओहोटी ठरविते.

‘रोहित’ म्हणजे तांबडा. पण हें नांव पक्ष्यास जन्मतः शोभत नाहीं. त्याचें पिल्लूं करड्या रंगाचें असतें. शेवाळ व सूक्ष्म जीव यांतील रंगद्रव्यें पोटांत गेल्यानें पुढें पिसांवर लाली चढते. मान वांकवून, चोच उलटी करून, तो चिखलपाणी गाळून जेवतो. जो चिखल पाहून आपण नाक मुरडतों, तोच त्याचा मुदपाकखाना होय!

हें ध्यानांत आलें, कीं त्या चिखलास ‘पडीक जमीन’ म्हणण्यांतील अनर्थ कळतो. भराव घालून भरतीची वाट अडविली, तर अन्न सरेल व पक्षीही येणार नाहींत. आणि तिवरांचें वन वठल्यास किनाऱ्याचें रक्षण कोण करील?

दुर्बीण अवश्य न्यावी. परंतु थवा उडावा म्हणून टाळ्या पिटूं नयेत. पंक्तींत जेवणाऱ्यास उठवूं नये, हा घरचा शिष्टाचार मुलांनीं खाडीवरही पाळावा.