प्रवासी जहाजांवरील वेषनियम व सहप्रवासाचा शिष्टाचार

१

समुद्रप्रवास हा इतर प्रवासांहून एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. आगगाडीतील किंवा विमानातील माणसे काही तासांची सोबती असतात. जहाजावरील माणसे काही दिवसांची, पूर्वी तर काही आठवड्यांची, शेजारी होत असत. परस्परांस सर्वस्वी अपरिचित अशी शेकडो माणसे एका मर्यादित जागेत एकत्र येतात, एकाच भोजनगृहात जेवतात, एकाच डेकवर फिरतात. आणि शेजार न रुचला तरी पुढील बंदर येईपर्यंत कोणासही उठून जाता येत नाही. असा तात्पुरता परंतु बंदिस्त समाज नियमांवाचून चालणे शक्य नाही. प्रवासी जहाजांवर वेष, भोजन, बैठक व बोलणेचालणे यांविषयी जे संकेत रूढ झाले, त्यांचा उगम या परिस्थितीत आहे.

तथापि हे संकेत एकजिनसी नाहीत. त्यांत दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे करता येतात. माणसामाणसांतील अंतर दृश्य करणारे ते भेददर्शक संकेत. अपरिचितांचे एकत्र राहणे सुसह्य करणारे ते सहवाससाधक संकेत होत. सायंभोजनास विशिष्ट पोशाख हवा हा पहिल्या प्रकारचा नियम. रात्री केबिनच्या बोळात मोठ्याने बोलू नये हा दुसऱ्या प्रकारचा. व्यवहारात दोन्ही ‘जहाजाची रीत’ या एकाच नावाखाली वावरतात व पहिल्यास दुसऱ्याची प्रतिष्ठा आयतीच लाभते. प्रस्तुत लेखात मुंबई–इंग्लंड मार्गावरील टपालबोटी व आजची पर्यटन-जहाजे यांच्या आधारे या दोहोंच्या संबंधाचा विचार केला आहे.

२

भारताच्या दृष्टीने या विषयाचा आरंभ पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींपासून करणे योग्य ठरते. १८३७ साली स्पेन-पोर्तुगालकडे टपाल नेण्याचा करार मिळालेल्या या कंपनीस १८४० साली राजसनद मिळाली व तिचे कार्यक्षेत्र पूर्वेकडे विस्तारले. १८६९ साली सुवेझ कालवा खुला झाल्यावर मुंबई हे या मार्गावरील प्रमुख बंदर बनले. मुंबईहून इंग्लंडला पोहोचण्यास त्या काळी सुमारे तीन आठवडे किंवा थोडे अधिक दिवस लागत.

भोजनासाठी पोशाख बदलण्याची चाल ही फार प्राचीन नाविक परंपरा आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. शिडाच्या जहाजांवरील प्रवास इतका खडतर असे की, तेथे अशा चालीस अवसरच नव्हता. वाफेच्या बोटी मोठ्या व स्थिर झाल्या, त्यांवर दिवाणखाने व भोजनगृहे आली, तेव्हा जमिनीवरील इंग्रज उच्च वर्गाची घरातील रीत बोटीवर चढली. पहिल्या वर्गातील प्रवाशाने दिवसा साधे, उष्ण हवेत पांढरे कपडे घालावेत. सायंकाळी तुतारी किंवा घंटा वाजली की केबिनमध्ये जाऊन काळा पोशाख चढवावा व मगच भोजनगृहात यावे, असा क्रम पडून गेला. पुढे अटलांटिक महासागरावरील फ्रेंच बोटींवर तर भोजनगृहात उतरणारा भव्य जिनाच अशा रीतीने योजलेला असे की, उतरणाऱ्या स्त्रियांची वेषभूषा आधी येऊन बसलेल्या सर्वांस दिसावी.

या रीतीस काही व्यावहारिक अपवाद होते व ते उद्बोधक आहेत. प्रवासाच्या पहिल्या व अखेरच्या रात्री भोजनाचा खास पोशाख करीत नसत. कारण उघड आहे: पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत, अखेरच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. सामानावर चिठ्ठ्या लावण्याची पद्धतही याच व्यवस्थेचा भाग होय. केबिनमध्ये लागणारे, वाटेत केव्हातरी लागणारे आणि प्रवासात मुळीच न लागणारे, असे त्याचे तीन वर्ग करीत व तिसरे तळघरात रवाना होई. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य झाला म्हणजे कोट उतरवून सदरा, विजार व कमरेस रुंद पट्टा एवढ्यावर भोजनास येण्याची मोकळीक काही ठिकाणी मिळे. हा पट्टा म्हणजे आपला कमरबंद. हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तो उचलला आणि हा फारसी शब्द थोडा बदलून इंग्रजी पोशाखात कायमचा बसला. याच टप्प्यात प्रवासी डेकवर बिछाने घालून निजत. स्त्रियांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि पहाटे खलाशी डेक धुण्यास येण्यापूर्वी सर्वांनी उठून जावे, असा दंडक असे. हा नियम शुद्ध सहवाससाधक होय. उकाडा पहिल्या वर्गासही सोडीत नसल्यामुळे तो सर्वांनी निमूटपणे पाळला.

कपडे हे प्रवासाच्या टप्प्यांचेही निदर्शक होते. पूर्वेकडे येणारा इंग्रज पोर्ट सैद येथे सायमन आर्ट्झच्या प्रसिद्ध दुकानातून सोला हॅट विकत घेई; नोकरी संपवून कायमचा परतणारा ती समुद्रात फेकून देई. याच मार्गाशी ‘पॉश’ या शब्दाची एक व्युत्पत्ती जोडली जाते. येताना डाव्या व जाताना उजव्या बाजूच्या केबिनींवर ऊन कमी येई. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे छापीत, असे सांगतात. दिशांचा हिशेब बरोबर असला, तरी असे छापलेले एकही तिकीट पुढे आलेले नाही व कोशकार ही व्युत्पत्ती ग्राह्य मानीत नाहीत. तरीही सावलीची बाजूदेखील प्रतिष्ठेचे चिन्ह ठरू शकते, हे लोकांस सहज पटले, एवढा बोध या दंतकथेतून होतो.

३

या व्यवस्थेत भारतीय प्रवाशाची स्थिती विलक्षण होती. समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या समाजातून तो निघे आणि बोटीवर पाऊल ठेवताच दुसऱ्या समाजाच्या निषेधांत सापडे. घरच्यांच्या दृष्टीने त्याने वेष व आहार सोडणे हा अपराध; सहप्रवाशांच्या दृष्टीने ते न सोडणे हा अडाणीपणा. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली अमेरिकेस निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात, आपण आपला आहार व वेष बदलणार नाही, असे मुद्दाम सांगितले. वैद्यक शिकण्यास जाणाऱ्या अठरा वर्षांच्या स्त्रीस प्रथम वस्त्राविषयी ग्वाही द्यावी लागते, यातच त्या काळी वस्त्रावर केवढा भार होता ते दिसते.

मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघाले, तेव्हा त्यांच्या जातीच्या पंचांनी त्यांस बहिष्कृत केले होते. बोटीवरील त्यांची अवस्था त्यांनी आत्मकथेत निःसंकोचपणे वर्णिली आहे. काट्याचमच्यांचा उपयोग ठाऊक नाही, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर नाही, म्हणून ते भोजनगृहात गेलेच नाहीत. बरोबर नेलेली मिठाई व फळे केबिनमध्ये खाऊन त्यांनी दिवस काढले. बोटीवर ते काळा पोशाख वापरीत. मित्रांनी करवून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख मात्र किनाऱ्यावर उतरताना शोभेल म्हणून त्यांनी जपून ठेवला होता. सप्टेंबरअखेर तो घालून ते उतरले आणि तसे कपडे घातलेले आपण एकटेच आहोत, हे त्यांस तत्काळ कळून चुकले.

या प्रसंगातील शल्य नीट पाहिले पाहिजे. गांधींनी नियम मोडला नव्हता. उलट तो पाळण्याची त्यांनी पराकाष्ठा केली होती. परंतु भेददर्शक नियमांचे वैशिष्ट्यच असे की, ते कोठेही लिहिलेले नसतात. ज्यांच्या घरात ते वाढले त्यांनाच ते ठाऊक असतात. म्हणूनच ते भेद दाखवू शकतात. ते सर्वांस सारखे अवगत झाले, तर त्यांचे प्रयोजनच संपेल.

त्रेचाळीस वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, गांधी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून पुन्हा पी. अँड ओ.च्याच ‘राजपुताना’ बोटीवर चढले. या वेळी ते दुसऱ्या वर्गाचे प्रवासी होते; अंगावर खादीचा पंचा व चादर, आणि बहुतेक मुक्काम डेकवर. सोबत्यांनी आणलेले जादा सामान पाहून ते रुष्ट झाले व त्यातील बरेच एडनहून परत पाठविण्यात आले. बोटीची रीत या अवधीत फारशी बदलली नव्हती. पण वेष कोणी ठरवावयाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रवाशापुरते बदलले होते.

४

वेषनियमांचा विचार प्रवाशांपाशी थांबविल्यास तो अपुरा राहील. या बोटींवर ज्यांचा वेष एका क्षणासाठीही ऐच्छिक नव्हता, असा मोठा वर्ग होता, तो म्हणजे खलाशी व सेवकांचा. पी. अँड ओ. कंपनीच्या डेकवरील खलाशांत रत्नागिरीकडील कोकणी मुसलमानांचा व गुजरातच्या किनाऱ्यावरील लोकांचा भरणा असे. सारंग व तांडेल त्यांच्यावर देखरेख करीत. भोजनगृहातील सेवक प्रायः गोमंतकीय ख्रिस्ती असत. मुंबईत धोबीतलाव व आसपासच्या भागांत गावोगावच्या गोमंतकीयांनी स्थापिलेली ‘कूड’ नावाची वसतिगृहे म्हणजे, बोटीवर काम मिळेपर्यंत थांबण्याची त्यांची हक्काची जागा होती.

डेकवरील खलाशाचा निळा अंगरखा व कमरेचा लाल पट्टा प्रवाशांस चित्रमय वाटे. तथापि त्याचे वेतन युरोपीय खलाशाच्या मानाने बरेच कमी असे, आणि कामाखेरीज प्रवाशांच्या डेकवर येण्याची त्यास मुभा नसे. गोमंतकीय सेवकास कोणता काटा कोणत्या पदार्थासाठी हे पहिल्या वर्गातील कित्येक प्रवाशांहून अधिक अचूक ठाऊक होते. पण त्या ज्ञानाने तो मेजावर बसत नव्हता. शिष्टाचाराचे ज्ञान आणि शिष्ट म्हणून मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

५

पोहोचण्यासाठी नव्हे, तर प्रवासासाठीच प्रवास, ही कल्पनाही जुनी आहे. हांबुर्क-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालीन यांनी हिवाळ्यात रिकामी पडणारी ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट जानेवारी १८९१ मध्ये भूमध्य समुद्रात सहलीस पाठविली. परंतु या कल्पनेचा खरा प्रसार जेट विमानांनी झाला. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर प्रवासी जेट विमाने सुरू झाली; १९६० साली एअर इंडियाची जेट विमाने लंडन व न्यूयॉर्कला जाऊ लागली. पुढे १९६७ ते १९७५ सुवेझ कालवाही बंद राहिला. पोहोचण्याची घाई असलेला प्रवासी बोटीस अंतरला व बोटीस नवे प्रयोजन शोधावे लागले. ‘फ्रान्स’ ही १९६२ साली अटलांटिकवर आलेली दोन वर्गांची बोट १९७४ साली निवृत्त झाली आणि १९८० साली ‘नॉर्वे’ या नावाने कॅरिबियन समुद्रात एकाच वर्गाचे पर्यटन-जहाज म्हणून फिरू लागली. जहाज तेच, समाज मात्र दुसरा.

वर्ग गेले तेव्हा वेषनियमही जातील, असे तर्काने वाटते. प्रत्यक्षात ते उरले, पण त्यांचे स्वरूप पालटले. क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवर आजही काही रात्री समारंभाच्या म्हणून राखलेल्या असतात. त्या रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट व स्त्रियांनी तत्सम पोशाख करावा, अशी अपेक्षा असते. मात्र या अपेक्षा आता तिकिटाबरोबर छापून मिळतात. आपापला राष्ट्रीय वेष, म्हणजे साडी किंवा शेरवानीही, त्यात मान्य आहे. आणि ज्यास हे नको त्यास जहाजाच्या ठराविक भागात साध्या कपड्यांत जेवता येते. नॉर्वेजियन कंपनीने २०००च्या सुमारास ठराविक मेज, ठराविक वेळ व सक्तीचा पोशाख हे तिन्ही बंधन काढून टाकले. थोडक्यात, ज्या वेषाने पूर्वी माणसाचा दर्जा सांगितला जाई, तो आता एका संध्याकाळची हौस झाला आहे. कप्तानाच्या मेजाचे आमंत्रण हा त्याच हौसेचा भाग होय.

यावरून भेद नाहीसा झाला, असे मात्र समजू नये. ‘क्वीन मेरी २’वर महागड्या केबिनींच्या प्रवाशांस वेगळी भोजनगृहे आहेत, इतर कंपन्यांच्या जहाजांवरही राखीव डेक व दिवाणखाने असतात. पूर्वी दाराशी वेष पाहत. आता केबिनचे कार्ड पाहतात. भेद वेषातून निघून कार्डात गेला, इतकेच.

६

सहवाससाधक नियम मात्र उलट दृढ होत गेले. डेकवरील खुर्ची पूर्वी भाड्याने घेऊन तीवर नावाची चिठ्ठी लावीत. आता खुर्चीवर टॉवेल टाकून ती दिवसभर अडविणे अशिष्ट ठरते व ठराविक वेळेनंतर कर्मचारी टॉवेल उचलतात. पोहण्याचे ओले कपडे घालून भोजनगृहात येण्यास मज्जाव असतो. कॅरिबियनमधील बार्बाडोससारख्या देशांत सैनिकी नक्षीचे कपडे नागरिकांस कायद्यानेच वर्ज्य असल्याने उतरण्यापूर्वी प्रवाशांस तशी सूचना मिळते. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा येथे अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावरील ३,७११ प्रवासी व कर्मचाऱ्यांपैकी ७१२ जणांस कोविडची बाधा झाली. त्यानंतर हात धुणे हा केवळ सभ्यतेचा प्रश्न राहिला नाही. जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण दगावले. प्रवासाच्या आरंभीच संकटकालीन कवायत करून घेण्याचा आग्रह त्यानंतर वाढला. त्या कवायतीस वेळेवर हजर राहणे हा आजच्या जहाजावरील पहिला शिष्टाचार म्हटला पाहिजे.

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून एक कसोटी हाती येते. जो नियम सर्वांस आधी सांगितला जातो, ज्याचे कारण देता येते व ज्याचा लाभ शेजाऱ्यास होतो, तो पाळण्यात कोणाचीही मानहानी नाही. जो नियम न सांगता लागू होतो व ज्याचे कारण केवळ ‘अशी रीत आहे’ एवढेच असते, तो एखाद्यास केबिनमध्ये मिठाई खात बसावयास लावतो. पहाटे डेक मोकळा करण्याचा नियम आणि भोजनास काळा कोट घालण्याचा नियम एकाच बोटीवर, एकाच काळी होते. त्यांतील पहिला कोणास लागला नाही. दुसऱ्याची आठवण मात्र आत्मकथेत नोंदली गेली.