केबिन बॅग घेताय? मग रिकाम्या बॅगेचं वजन आधी बघा

पुण्याहून बंगळुरूला नोकरीसाठी पहिल्यांदा निघालो तेव्हा सोबत सेलमध्ये घेतलेली १,४९९ रुपयांची ट्रॉली बॅग होती. चकचकीत निळी, चार चाकं, आत भरपूर कप्पे, बाहेर यूएसबी पोर्ट. एमआरपी ७,५०० छापलेली, त्यामुळे आपण भलताच सौदा मारला असं वाटत होतं. काउंटरवर बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. ८.९ किलो. मर्यादा ७ किलो. मागे रांग. तिथेच उकिडवं बसून बॅग उघडली, जॅकेट अंगावर चढवलं, चार्जर-बिर्जर खिशात कोंबले, चिवड्याचा स्टीलचा डबा हातात घेतला आणि तरीही उरलेल्या वजनाचे पैसे भरावेच लागले. बॅगेच्या किमतीच्या जवळपास निम्मे.

नंतर रिकामी बॅग वजन करून बघितली. ३.३ किलो! म्हणजे माझ्या सामानाआधी बॅगेनेच निम्मी मर्यादा खाल्ली होती.

फोन घेताना १२८ जीबी लिहिलेलं असतं, पण त्यातलं बरंचसं सिस्टीमच घेते हे आपल्याला माहीत असतं. बॅगेच्या बाबतीत मात्र हा हिशोब कुणी करत नाही. आपण रंग बघतो, डिस्काउंट बघतो आणि लिटर बघतो. खरं तर स्वस्त आणि टिकाऊ केबिन बॅग शोधताना पहिला आकडा बघायचा तो रिकाम्या बॅगेच्या वजनाचा. प्रॉडक्ट पेजवर तो अगदी खाली, 'अधिक माहिती'मध्ये दडलेला असतो. तिथे दिलाच नसेल तर ती बॅग सोडून द्या.

माप कुठून कुठपर्यंत?

भारतात देशांतर्गत प्रवासाला इकॉनॉमी तिकिटावर केबिन बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो असते. इंडिगो आणि आकासा यांचं माप ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर. एअर इंडियाचं ५५ × ४० × २०, म्हणजे रुंदीला थोडी सूट पण जाडीला कमी. दोन्हीकडे चालेल अशी बॅग हवी असेल तर ५५ × ३५ × २० च्या आत राहा. इंडिगोमध्ये याशिवाय लॅपटॉप बॅग किंवा पर्ससारखी एक छोटी वस्तू ३ किलोपर्यंत नेता येते. हे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढल्यावर त्या कंपनीच्या साइटवर एकदा बघून घ्या.

यातली गोम अशी की हे माप चाकं आणि हँडल धरून असतं. ऑनलाइन '५५ सेमी' लिहिलेली प्रत्येक बॅग चाकांसकट ५५ असेलच असं नाही. काही ठिकाणी नुसत्या खोक्याची उंची दिलेली असते आणि खालची चाकं वेगळी. एक्स्पांडर असलेली बॅग, म्हणजे ती जादा चेन उघडली की फुगते ती, उघडल्यावर जाडीच्या मापाबाहेर जाऊ शकते. बॅग घरी आली की टेप घेऊन जमिनीपासून वरच्या हँडलपर्यंत मोजा. फोनमधल्या मोजमापाच्या अॅपवर विसंबू नका, एक-दोन सेंटीमीटरचा फरक तिथे सहज पडतो आणि आपलं भांडण नेमकं तेवढ्यासाठीच असतं.

लिटरचंही तसंच. ५५ × ३५ × २५ चा गुणाकार साधारण ४८ लिटर येतो. पण हे बाहेरचं माप झालं. भिंतीची जाडी, चाकांची घरं आणि आतून जाणारे हँडलचे दोन दांडे वजा केले की हातात ३५ ते ४० लिटर उरतात. या आकाराची बॅग कुणी ५० लिटरची म्हणून विकत असेल तर समजून जा.

कवचावर पैसे घालू नका

दुकानात सगळी चर्चा कवचाची असते. एबीएस, पॉलिकार्बोनेट, पॉलिप्रॉपिलीन. तिघांची ओळख आपल्याला आधीपासून आहे. एबीएस म्हणजे कीबोर्डच्या बटणांचं प्लास्टिक. कडक आणि स्वस्त, पण जोरात आपटलं की तडकतं. पॉलिकार्बोनेट दाबल्यावर वाकतं आणि परत जागेवर येतं, म्हणून ते महाग. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे शाम्पूच्या बाटलीचं ते हजार वेळा उघडूनही न तुटणारं झाकण. हलकं आणि लवचिक, फक्त दिसायला जरा साधं. 'एबीएस + पीसी' लिहिलं असेल तर आत मुख्यतः एबीएस आणि वरून पॉलिकार्बोनेटचा पातळ थर, असंही असू शकतं. दुकानात असाल तर कवचाच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा. आत जाऊन सहज परत यायला हवं.

पण हे सगळं महत्त्वाचं आहे ते चेक-इन बॅगेसाठी, जी बेल्टवर आपटते आणि जिच्यावर दहा बॅगा पडतात. केबिन बॅग बहुतेक वेळा तुमच्याच हातात असते. तिचं कवच सहसा फुटत नाही. तिची तुटतात ती चाकं, अडकतं ते हँडल आणि उसवते ती चेन. त्यामुळे कवचावरचे हजार रुपये वाचवा आणि या तिघांवर लक्ष द्या.

कापडी बॅगही वाईट नाही. तिच्यावर ६००डी, १६८०डी असं काहीतरी लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनिअर, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. रोजच्या वापराला ६००डी पॉलिएस्टर पुरतं. कापडी बॅगेत बाहेरचे कप्पे मिळतात आणि वरच्या कप्प्यात ती दाबून बसवता येते. पावसात मात्र कव्हर हवंच.

चाकं: इथेच खरी परीक्षा

माझी ती निळी बॅग गेली कशी, तर चौथ्याच प्रवासात स्वारगेटला पेव्हर ब्लॉकवरून ओढताना एक चाक मुळासकट निघालं. उरलेल्या तीन चाकांवर ती खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली.

चाकाच्या बॅगेचं अमेरिकन पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळालं, तेव्हा बॅग आडवी असायची आणि पट्ट्याने ओढायची. उभी बॅग, दोन चाकं आणि बाहेर येणारं हँडल ही आजची रचना १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या पायलटने केली. चार बाजूंना फिरणारी चाकं नंतर आली. ती गुळगुळीत फरशीसाठी आहेत. विमानतळावर बोटाने ढकलली तरी बॅग सोबत चालते. पण आपला प्रवास विमानतळावर सुरू होत नाही ना! सोसायटीचं गेट, रिक्षा, एसटी स्टँड, गटाराची जाळी, मग कुठे टर्मिनल. फिरणारं चाक एका बारीक खिळ्यावर उभं असतं आणि बॅगेच्या बाहेर लोंबत असतं. खड्ड्यात गेलं की सगळा धक्का त्या खिळ्यावर. दोन चाकांच्या बॅगेत चाकं अर्धी आत बसवलेली असतात, त्यामुळे ती कमी तुटतात, आणि त्याच ५५ सेंटीमीटरमध्ये आत जागाही थोडी जास्त मिळते. आता दोन चाकांच्या बॅगा दुकानात कमी दिसतात हे दुर्दैव.

चार चाकंच घ्यायची असतील तर प्रत्येक जागी दोन-दोन अशी जोडचाकं असलेली बघा. मग आतलं अस्तर उघडा. बऱ्याच बॅगांमध्ये त्यासाठी छोटी चेन असते. चाक स्क्रूने बसवलंय की रिव्हेटने? स्क्रू असेल तर स्टेशनजवळचा कुठलाही बॅग दुरुस्तीवाला थोडक्या पैशांत नवीन चाक लावून देतो. रिव्हेट असेल तर ते फोडून काढावं लागतं आणि कवचाला धक्का बसतो. बॅग किती वर्षं चालणार हे बऱ्याचदा एवढ्यावरच ठरतं.

अजून एक गोष्ट, विशेषतः मुंबई-कोकणातल्यांसाठी. माळ्यावर दोन वर्षं जपून ठेवलेली, जवळपास न वापरलेली बॅग खाली काढली आणि चाकांचं रबर हातात चुरा होऊन आलं, असं घडलंय का? तो किडा-बिडा नसतो. चाकावरचं मऊ आवरण बऱ्याचदा पॉलियुरेथेनचं असतं आणि त्यातल्या स्वस्त प्रकाराचे रासायनिक बंध हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातात. बॅग वापरा किंवा नका वापरू. काही कापडी बॅगांचं आतलं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं तेही यामुळेच. म्हणून सेलमध्ये मिळतेय म्हणून पुढच्या वर्षीसाठी आज बॅग घेऊन ठेवू नका. घरात असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, कोरड्या जागी उघडी ठेवा.

हँडलसाठी परीक्षा सोपी आहे. पूर्ण बाहेर काढा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. थोडं हलणारच, पण खडखड वाजत असेल तर दांडे पातळ आहेत. दहा वेळा आत-बाहेर करा. एकदाही अडकलं तर नको.

चेन आणि कुलूप

चेनच्या रनरमागे बऱ्याचदा एक आकडा असतो, ५, ८ किंवा १०. बंद चेनच्या दात्यांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. मुख्य चेनला ८ किंवा १० असेल तर उत्तम, आतल्या कप्प्यांना ५ चालतो. वायकेके ही चेन बनवणारी जपानी कंपनी १९३४ पासूनची आहे. रनरवर ती अक्षरं दिसली तर चांगली खूण समजा.

कुलपाचं मात्र फार मनावर घेऊ नका. नायलॉनच्या गुंडाळीची चेन साध्या बॉलपेनच्या टोकाने उघडते आणि रनर फिरवला की परत बंद होते. कुलूप जागच्या जागी. टीएसए कुलूप म्हणजे अमेरिकेतल्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे ज्याची मास्टर किल्ली असते ते. त्या किल्ल्यांचे फोटो २०१४ मध्ये एका वर्तमानपत्रात छापून आले आणि २०१५ मध्ये लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या बनवल्या! पुणे-दिल्ली प्रवासासाठी, हातातच राहणाऱ्या बॅगेला, त्याचे जादा पैसे कशाला?

यूएसबी पोर्टवाली 'स्मार्ट' बॅग

बहुतेक वेळा त्या पोर्टच्या मागे फक्त एक वायर असते. पॉवर बँक तुमचीच लावायची. म्हणजे वायर आणि कप्प्याचं वजन तुम्ही उगाच वाहता. आत बॅटरीच असेल तर ती काढता येते का ते नक्की बघा. २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी न निघणाऱ्या बॅटरीच्या बॅगा नाकारल्या आणि त्याच वर्षी ब्लूस्मार्ट ही स्मार्ट बॅगा बनवणारी कंपनी बंद पडली.

पॉवर बँकचा हिशोब एकदा करून ठेवा. एमएएच गुणिले ३.७, भागिले १,००० म्हणजे वॉट-अवर. २०,००० एमएएचचे ७४ होतात, १०० च्या आत, म्हणजे चालते. २७,००० च्या पुढे मर्यादा ओलांडते. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, चेक-इन सामानात अजिबात नाही. इथे एक गडबड हमखास होते. कोल्हापूरसारख्या ठिकाणी उडणाऱ्या छोट्या एटीआर विमानांत वरचे कप्पे लहान असतात, किंवा विमान भरलेलं असतं, आणि गेटवर तुमची ट्रॉली बॅग खाली सामानात टाकायला घेतात. त्या घाईत आतली पॉवर बँक आणि लॅपटॉप काढायचं राहून जातं. या दोन वस्तू पहिल्यापासूनच खांद्यावरच्या छोट्या बॅगेत ठेवा.

मग घ्यायची कुठली?

ओळखीच्या ब्रँडची केबिन बॅग सेलमध्ये साधारण दोन ते साडेतीन हजारांत मिळते, आणि माझ्या मते तेवढे पुरेत. एमआरपीवरून किती टक्के सूट हे बघूच नका, तो आकडा सूट मोठी दिसावी म्हणूनच छापलेला असतो. व्हीआयपी, स्कायबॅग्ज, ॲरिस्टोक्रॅट एकाच घरातले, अमेरिकन टुरिस्टर आणि कॅमिलिअंट सॅमसोनाइटच्या घरातले. दोन्ही घरांचे कारखाने आपल्या नाशिक जिल्ह्यात आहेत. लोगोपेक्षा वजन (२.५ किलोच्या आत), चाकं आणि वॉरंटी बघा. वॉरंटीत सहसा उत्पादनातला दोष धरतात. वापराने झिजलेलं चाक किंवा विमानात झालेलं नुकसान बहुतेकदा त्यात येत नाही, त्यामुळे '५ वर्षं' वाचून खूश होण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा. रिव्ह्यू बघताना पाच तारेवाले सोडा, ते पार्सल उघडून पाच मिनिटांत लिहिलेले असतात. तीन तारेवाले, फोटोसकट, सहा महिन्यांनी लिहिलेले शोधा आणि सर्चमध्ये 'व्हील' टाका.

आणि एक पर्याय, जो ट्रॉली बघताना सुचतच नाही. वर्षातून तीन-चार वेळा, दोन-तीन दिवसांसाठी जाणार असाल आणि पाठ-कंबर धड असेल, तर ३५-४० लिटरची साधी बॅकपॅक घ्या. रिकामी साधारण एक किलोची असते. म्हणजे ७ पैकी ६ किलो तुमचे. तुटायला चाक नाही, अडकायला हँडल नाही. मी स्वतः आता तीच वापरतो. आई-बाबांसोबत जातो तेव्हा ट्रॉली.

काहीही घ्या, पण रिटर्नची मुदत संपायच्या आत टॅग न काढता एकदा सात किलो सामान भरा. काटा नसेल तर पाच किलोचं तांदळाचं पोतं आणि दोन किलो साखर, त्यातून बॅगेचं वजन वजा करायला विसरू नका. ट्रॉली असेल तर घरातल्या फरशीवरून दहा फेऱ्या मारा, हँडल धरून उचला, चेन दोनदा उघडून बंद करा. चाक कुरकुरलं किंवा चेन अडकली तर त्याच दिवशी परत पाठवा.