तपासणीचा कागद कोणाच्या हाती

अणुइंधन म्हटले की अहमदपूरच्या माणसाला मुंबईचे ट्रॉम्बे आठवते, फार तर तारापूर. प्रत्यक्षात देशातल्या अणुभट्ट्यांना इंधन पुरवणारा मोठा कारखाना त्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. उदगीर, बीदर करत हैदराबाद गाठले की मौलालीच्या बाजूला न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स, म्हणजे एनएफसी, लागते. 1971 साली ते उभे राहिले. निजामाच्या राजवटीपासून लातूर-नांदेडकडची माणसे दवाखान्यासाठी, खरेदीसाठी, पोटापाण्यासाठी ज्या शहरात जात आली, त्याच शहराच्या एका टोकाला झारखंडच्या जादूगोड्याचे युरेनियम येते आणि इंधन होऊन बाहेर पडते. अशा कारखान्यांत सुरक्षा तपासायची कोणी, आणि तपासल्यावर सांगायचे कोणाला, या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या साडेसहा दशकांत बरीच बदलली. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या मानाने फारच सावकाश बदलले.

अणुभट्टीच्या अपघाताचे चित्र आता सगळ्यांच्या ओळखीचे आहे: वितळलेला गाभा, रिकामी झालेली गावे. इंधनाच्या कारखान्यातला धोका त्या जातीचा नाही. तिथे खाणीकडून आलेला पिवळा माल नायट्रिक आम्लात विरघळवतात, शुद्ध करतात, अमोनियाने त्याचा साका बसवतात आणि भाजून युरेनियम डायऑक्साइडची पूड करतात. पूड दाबून बोटाच्या पेराएवढे पेलेट होतात. हायड्रोजन खेळवलेल्या भट्टीत सुमारे 1,700 अंश सेल्सिअसला ते पक्के होतात आणि झिरकॅलॉय या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत बसतात. नळ्यांची तोंडे वेल्ड करून 19 नळ्यांची मोळी बांधली की 220 मेगावॉटच्या भट्टीचे एक बंडल तयार. लांबी अर्धा मीटर, वजन सोळा किलोंच्या आसपास. नैसर्गिक युरेनियमचे असे ताजे बंडल माणूस हातमोजे घालून उचलू शकतो, इतका त्याचा किरणोत्सर्ग मंद असतो.

म्हणूनच गाफील राहणे सोपे जाते. नैसर्गिक युरेनियम बाहेरून फारसे इजा करत नाही. पुडीची धूळ श्वासावाटे आत गेली की फुप्फुसात रुतते, आणि रक्तात उतरलेले युरेनियम जड धातू म्हणून मूत्रपिंडाला त्रास देते. सोबत आम्ल आहे, अमोनिया आहे, हायड्रोजन आहे. झिरकोनियमचा बारीक कीस तर हवेतच पेट घेऊ शकतो. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या गोर इथे 4 जानेवारी 1986 रोजी युरेनियम हेक्साफ्लोराइडचे प्रमाणाबाहेर भरलेले सिलिंडर तापवताना फुटले आणि एक कामगार दगावला. जीव घेतला तो त्यातून बनलेल्या हायड्रोजन फ्लोराइडच्या वायूने. किरणोत्सर्गाचे मीटर हातात घेऊन फिरणाऱ्या निरीक्षकाला रसायनाच्या टाकीकडे आणि सिलिंडरच्या वजनकाट्याकडेही तितक्याच बारकाईने पाहावे लागते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

तपासणीत नेमके काय पाहतात? सुरुवात बऱ्याचदा कामगाराच्या छातीवरच्या बिल्ल्यापासून होते. टीएलडी बिल्ला म्हणतात त्याला. प्लास्टिकच्या डबीत अॅल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्यावर टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन पांढऱ्या चकत्या. एका चकतीपुढे धातूचे आवरण, दुसरीपुढे प्लास्टिकचे, तिसरी उघडी. चकत्यांवर पडलेला किरणोत्सर्ग त्यांत साठून राहतो. प्रयोगशाळेत चकती तापवली की तिच्यातून प्रकाश बाहेर पडतो आणि त्या प्रकाशाच्या मोजमापावरून डोस काढतात. बिल्ला बाहेरचा मारा सांगतो. पोटात-छातीत गेलेल्या धुळीचा हिशेब लघवीच्या तपासणीतून आणि हवा ओढून गाळणाऱ्या यंत्रांच्या कागदावरून लागतो. शिवाय स्वाइप असतो: गोल गाळणकागद टेबलावर, दाराच्या मुठीवर, बूट बदलायच्या बाकावर पुसायचा आणि मोजणीयंत्राखाली धरायचा. कामाच्या हॉलमध्ये काही सापडले तर ते समजण्यासारखे आहे. बाकाच्या पलीकडे, म्हणजे स्वच्छ मानलेल्या बाजूला सापडले तर बूट बदलायची शिस्त ढिली झाली असे निरीक्षक धरून चालतो आणि मग रजिस्टर उघडायला लावतो. अशा कारखान्यांची सुरक्षा बव्हंशी याच रोजच्या सवयींवर उभी असते.

भारतात याची सुरुवात ट्रॉम्बेला झाली. 1959 च्या जानेवारीत तिथे अणुभट्टीच्या दर्जाचे पहिले युरेनियम धातूचे ओतीव तयार झाले आणि 1960 साली सुरू झालेल्या सायरस भट्टीच्या इंधनाचा काही भाग तिथेच घडला. डॉ. ब्रह्मप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली धातुशास्त्रज्ञ इंधन बनवत होते आणि हेल्थ फिजिक्सची मंडळी त्यांच्या शेजारी उभी राहून मोजमाप घेत होती. डॉ. ए. के. गांगुली यांनी हे शास्त्र इथे रुजवले. काम चोख होते. पण बनवणारे आणि तपासणारे एकाच आवारातले, एकाच वरिष्ठाला उत्तर देणारे होते. त्या पिढीला त्यात वावगे वाटले नाही, कारण सगळेच नवे होते आणि जाणकार मोजके होते.

1979 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची भट्टी बिघडली आणि जगभर नियामक यंत्रणांची उलटतपासणी सुरू झाली. इथे व्ही. एन. मेकोणी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने स्वतंत्र नियामक मंडळ असावे अशी शिफारस केली. 15 नोव्हेंबर 1983 रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ, एईआरबी, अस्तित्वात आले. आयआयटी मुंबईचे माजी संचालक प्रा. ए. के. डे हे त्याचे पहिले अध्यक्ष. पुढच्याच वर्षी भोपाळची वायुदुर्घटना घडली. 1987 मध्ये कारखाना कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. अणुऊर्जा खात्याच्या कारखान्यांत हा कायदा राबवण्याची जबाबदारी एईआरबीकडे असल्याने मंडळाच्या निरीक्षकाच्या वहीत किरणोत्सर्गाबरोबर शिड्या, बॉयलर, वायुगळती आणि आगीचे बंबही आले. हैदराबादच्या कारखान्यासाठी ही जोडी योग्यच होती.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी एस. डी. सोमण मंडळाचे अध्यक्ष होते. ते स्वतः किरणोत्सर्ग सुरक्षेतले. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1990 मध्ये डोसाच्या मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली होती. त्यानंतर भारतातही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरली: पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षाची कमाल 50 होती, म्हणजे इथली अट अधिक कडक. आज लाखो लोकांना या निर्णयाची माहितीही नसेल, पण बिल्ला लावून पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्याशी त्याचा संबंध आहे. मंडळाच्या कामगिरीत त्याला वरचे स्थान द्यायला हवे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरले. हजारो माणसे गेली. लातूर जिल्ह्यातल्या कुणालाही ती तारीख सांगावी लागत नाही. त्या वेळच्या भूकंप नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते. 2002 च्या सुधारित नकाशात तो विभागच काढून टाकला गेला. दख्खनचे पठार स्थिर आहे या भरवशावर कागदावर जे जे सुरक्षित ठरले होते, ते पुन्हा तपासावे लागते, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत मोजून देशाला शिकवले.

त्याच वर्षी डॉ. ए. गोपालकृष्णन मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात, 1995 मध्ये, अणुऊर्जा खात्याच्या आस्थापनांमधल्या सुमारे 130 सुरक्षा-त्रुटींचा अहवाल तयार झाला. तो गोपनीय राहिला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि मुंबईचे सर्वोदय मंडळ यांनी तो उघड करावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सरकारने 1962 च्या अणुऊर्जा कायद्यातले अठरावे कलम पुढे केले. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि जानेवारी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. या मागोव्यातले हे सर्वांत खटकणारे पान आहे. संरक्षणाशी निगडित माहिती झाकावी, हे कोणीही मान्य करील. पण वायुवीजन यंत्रणा किंवा सांडपाण्याची टाकी नीट आहे की नाही, हे शेजारच्या वस्तीपासून लपवून सुरक्षितता वाढत नाही. तपासणीची नोंद फक्त तपासलेल्याच्याच कपाटात राहिली तर त्रुटी दुरुस्त करण्याची घाई कोणाला असणार?

किल्लारीनंतर बरोबर सहा वर्षांनी, 30 सप्टेंबर 1999 रोजी, जपानमधल्या तोकाइमुरा इथे जेसीओ कंपनीच्या इंधन कारखान्यात जे घडले, त्यात या प्रश्नाचे उत्तर मिळते. प्रायोगिक भट्टीसाठी 18.8 टक्के समृद्ध युरेनियमचे द्रावण बनवायचे होते. मंजूर पद्धत वेळखाऊ होती, म्हणून कंपनीने स्वतःची वेगळी कामाची पुस्तिका करून पोलादी बादल्यांत युरेनियम विरघळवण्याची वाट काढली होती. त्या दिवशी कामगार त्याच्याही पुढे गेले आणि द्रावण थेट साका बसवण्याच्या टाकीत ओतू लागले. टाकीची मर्यादा 2.4 किलो युरेनियमची. त्यात सुमारे 16 किलो गेले. निळा लखलखाट झाला आणि अणुविखंडनाची साखळी सुरू झाली. ती थांबवायला वीस तास लागले. टाकीभोवतीच्या आवरणातले पाणी न्यूट्रॉन परत आत परतवत होते, ते काढल्यावर साखळी तुटली. दोन कामगार मरण पावले, पहिला 83 दिवसांच्या यातनांनंतर. आसपासच्या तीन लाखांवर लोकांना घरात थांबायला सांगितले गेले.

बादल्यांची ती पद्धत वर्षानुवर्षे चालली होती. अणुभट्ट्यांची ठरावीक कालावधीने तपासणी करण्याचे बंधन जपानी कायद्यात होते; इंधन कारखान्यांना ते लागूच नव्हते. डिसेंबर 1999 मध्ये कायदा बदलून ते लागू केले गेले. 2003 मध्ये कंपनीच्या सहा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले.

हैदराबादला बहुतेक इंधन नैसर्गिक युरेनियमचे. साध्या पाण्यात त्याची साखळी सुरू होऊ शकत नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसाठी मात्र बाहेरून आलेल्या समृद्ध युरेनियमचे इंधन तिथे घडते. समृद्धी तोकाइमुराच्या मानाने बरीच कमी, तरी भांड्याचा आकार, एका वेळी हाताळायचे वजन आणि पाण्याचा संपर्क यांचे हिशेब तिथे लागू होतातच. निरीक्षकाने रजिस्टरपेक्षा हातांकडे पाहावे, लिहिलेली पद्धत आणि प्रत्यक्ष चाललेली पद्धत यांतले अंतर शोधावे, हा तोकाइमुराचा धडा इथेही लागू पडतो.

2000 साली उलट दिशेचे पाऊल पडले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आस्थापना एईआरबीच्या कक्षेबाहेर काढून केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे सोपवल्या गेल्या. त्या वर्षी प्रा. सुहास सुखात्मे मंडळाच्या अध्यक्षपदी आले होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा निर्णय जवळचा आहे, कारण तारापूरला युरेनियम-प्लुटोनियमचे मिश्र इंधन बनवणारा कारखाना याच केंद्राचा. तिथल्या इंधनाचे जुडगे 1994 पासून तारापूरच्या भट्टीत वापरले गेले. प्लुटोनियम हवाबंद ग्लोव्ह बॉक्समध्ये, रबरी हातमोज्यांतून हाताळावे लागते. मोज्याला टाचणीएवढे भोक पडले तरी खोली रिकामी करण्याची वेळ येऊ शकते. जिथे धोका अधिक, तिथेच बाहेरचा निरीक्षक नको, ही मांडणी पटणारी नाही.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षकही एनएफसीत येतात, त्यावरून पुष्कळांचा घोटाळा होतो. ते युरेनियम मोजतात, शस्त्रांकडे वळले नाही ना ते पाहतात. कामगाराच्या फुप्फुसाचा विषय त्यांचा नाही.

2012 च्या ऑगस्टमध्ये महालेखापालांचा अहवाल संसदेत आला आणि मंडळाची दुखणी चव्हाट्यावर आली. जवळजवळ तीन दशकांनंतरही राष्ट्रीय किरणोत्सर्ग सुरक्षा धोरण ठरलेले नव्हते. नियमभंगाचा कमाल दंड 500 रुपये. मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी, आणि आयोगाचे अध्यक्ष हेच एनएफसी ज्या खात्याचे त्या खात्याचे सचिव. देशातल्या 57,443 एक्स-रे यंत्रांपैकी 52,173 नोंदणीविनाच चालू होती. अहमदपूर-उदगीरसारख्या गावांपर्यंत या मंडळाचा हात पोहोचतो तो याच यंत्रांतून. 2011 मध्ये मांडलेले स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक 2014 मध्ये लोकसभेबरोबर बारगळले. 2015 च्या मार्चमध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकानेही मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यानेच पक्के करा, असे सुचवले.

दरम्यान हैदराबादचे उत्पादन वर्षाला दीड हजार टनांच्या घरात गेले आणि राजस्थानात रावतभाट्याजवळ दुसऱ्या कारखान्याचे काम सुरू झाले. मंडळाच्या वार्षिक अहवालांत कामगारांच्या डोसाची कोष्टके छापून येऊ लागली; संकेतस्थळावर ती कोणालाही वाचता येतात. 1995 च्या बंद अहवालाशी तुलना केली तर हा बदल लहान नाही.

2025 च्या डिसेंबरमध्ये संसदेने संमत केलेल्या शांती कायद्याने एईआरबीला अखेर कायद्याचा आधार दिला, आणि त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना अणुऊर्जेची दारे उघडली. इंधनाच्या बाबतीत आजवर तपासणारा आणि तपासला जाणारा, दोघेही सरकारच होते. उद्या इंधनाच्या कारखान्यात निरीक्षकासमोर नफ्या-तोट्याचे गणित सांभाळणारा व्यवस्थापक असेल, जेसीओत होता तसा. त्याला नोटीस देताना, काम थांबवताना मंडळ किती ठाम राहते आणि ती नोटीस मौलालीच्या वस्तीतल्या किंवा तारापूरच्या किनाऱ्यावरच्या माणसाला वाचायला मिळते की नाही, हे कायद्याखालचे नियम कसे लिहिले जातात त्यावर ठरणार आहे.