एका घराण्याची दोन घराणी

बुऱ्हाणपूरला तापीच्या राजघाटावर मासे टिपणारा नदी सुरय सगळ्यांच्या परिचयाचा. पण हीच तापी सुरतेपुढे ज्या अरबी समुद्राला मिळते, तिथले वादळी पेट्रेल मात्र पक्षिप्रेमींच्याही क्वचितच नजरेस पडतात. चिमणीपेक्षा थोडेसेच मोठे, काळपट, आणि विणीपुरतेच जमिनीवर येणारे हे पक्षी. गेल्या पाव शतकात त्यांची वंशावळ नव्याने मांडावी लागली.

सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या पक्षिग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली आला, तेव्हा सगळे वादळी पेट्रेल एकाच कुळात होते. दिसायला इतके सारखे, की त्यात कुणाला वावगे वाटले नाही. १९९८ मध्ये नन आणि स्टॅन्ली या अभ्यासकांनी पेट्रेलांसह साऱ्या नळीनाक्या समुद्रपक्ष्यांचे एक जनुक ताडून पाहिले, तेव्हा हे कूळ एकसंध ठरेना. पुढे त्याची दोन कुळे झाली: दक्षिणेकडचे सुमारे दहा जातींचे, उत्तरेकडचे सुमारे अठरा.

दोन्हींचे प्रतिनिधी अरबी समुद्रावर भेटतात. अंटार्क्टिकाकडून आपल्या पावसाळ्यात येणारा विल्सनचा पेट्रेल लांब पाय सोडून लाटांवर थुईथुई करतो. त्याच्या कमरेवर पांढरा पट्टा असतो. पूर्व आशियातल्या बेटांवर वीण करणारा स्विनहोचा पेट्रेल आखूड पायांचा, दुभंगल्या शेपटीचा, पट्ट्याविना. रंगरूपातले साम्य सख्खे नाते सांगतेच असे नाही.

जातींची यादीही हलती राहिली. एकोणिसाव्या शतकातल्या तीन नमुन्यांपुरता उरलेला न्यूझीलंडचा पेट्रेल २००३ मध्ये समुद्रावर पुन्हा दिसला. २०१३ मध्ये त्याची वीण हौतुरू बेटावर सापडली. अझोरेस बेटांवर एकाच ठिकाणी पट्टेरी पेट्रेलच्या काही जोड्या उन्हाळ्यात, काही थंडीत वीण करत. ऋतू वेगळे, आवाज वेगळे, जनुकेही वेगळी. म्हणून २००८ मध्ये उन्हाळी पक्ष्यांना मोंतेइरोचा पेट्रेल ही स्वतंत्र जात मानले गेले.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. मोंतेइरोच्या पेट्रेलच्या जेमतेम काही शे जोड्या आहेत. दूरवर पसरलेल्या पट्टेरी पेट्रेलच्या जातीत तो मोडत होता, तोवर हा तुटपुंजा आकडा मोठ्या बेरजेत बुडून जाई. स्वतंत्र जात ठरल्यावर त्याच्या संरक्षणाचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागला. गालापागोस आणि केप व्हर्डेच्या पट्टेरी पेट्रेलांबाबत हाच प्रश्न अभ्यासकांपुढे आहे.