जनरेटर आहे, पण वीज येईल का?

२९ ऑक्टोबर २०१२ ची रात्र. 'सँडी' वादळामुळे ईस्ट रिव्हरचे पाणी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात शिरले आणि दक्षिण मॅनहॅटनची वीज गेली. नदीकाठच्या एनवाययू लँगोन या नामांकित रुग्णालयात त्या वेळी तीनशेहून अधिक रुग्ण होते. रुग्णालयाकडे जनरेटर होते. काही तर छतावर, पुराचे पाणी पोचणे शक्यच नाही इतक्या उंचीवर होते. तरीही इमारत अंधारात गेली. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातील २० बाळांना परिचारिका व डॉक्टरांनी नवव्या मजल्यावरून जिन्याने खाली आणले. त्यांतल्या काही बाळांना वाटेत हाताने पिशवी दाबून श्वास द्यावा लागत होता.

छतावरचे जनरेटर बुडाले नव्हते. त्यांना डिझेल पुरवणारी यंत्रणा तळघरात होती आणि तळघर पाण्याखाली गेले होते. शेजारच्या बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात तीच गत झाली. तिथले जनरेटर तेराव्या मजल्यावर, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात. पंप बंद पडल्यावर कर्मचारी आणि नॅशनल गार्डचे जवान जिन्यात रांग करून उभे राहिले आणि त्यांनी डिझेल हातोहात वर पोचवले. अखेर तेही रुग्णालय रिकामे करावे लागले.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या महापुरात एका कोविड रुग्णालयात पाणी शिरले, वीज बंद पडली आणि त्या काळात तिथल्या आठ रुग्णांचा मृत्यू झाला. त्याआधी १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली; लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. करोनाच्या रुग्णांनी रुग्णालये भरलेली असताना, अतिदक्षता विभागांसाठी किमान आठ तास पुरेल एवढे डिझेल तयार ठेवा, अशी सूचना महापालिकेला तातडीने द्यावी लागली.

रुग्णालय असो, औषधांचे शीतगृह असो किंवा मोठे कार्यालय, 'आमच्याकडे जनरेटर आहे' या उत्तराने प्रश्न सुटत नाही. पर्यायी वीज ही एक साखळी असते: बॅटरी, जनरेटर, स्विच, तारा, डिझेल, पंप आणि ते चालवणारी माणसे. यातली एक कडी तुटली की बाकीच्या कितीही भक्कम असून उपयोग नाही.

पहिले दहा सेकंद

मुख्य वीज गेल्यावर जनरेटर सुरू होऊन त्याची वीज प्रत्यक्ष उपकरणापर्यंत पोचायला काही सेकंद लागतातच. अमेरिकेतील नियमांनुसार रुग्णालयातील जीवरक्षक यंत्रणांना दहा सेकंदांच्या आत वीज मिळाली पाहिजे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र दहा सेकंदांचा अंधारही परवडत नाही. ही दरी यूपीएस भरून काढतो. त्यातल्या बॅटऱ्या क्षणाचाही खंड न पडू देता वीज देतात, पण बहुधा मिनिटांच्या हिशेबात. म्हणजे यूपीएस जनरेटरची जागा घेऊ शकत नाही आणि जनरेटर यूपीएसची.

या दोहोंमध्ये चेंजओव्हर स्विच असतो. मुख्य वाहिनी तोडून इमारतीला जनरेटरशी जोडणे हे त्याचे काम. तो हाताने फिरवायचा असेल, तर रात्री तीन वाजता तो फिरवणारा माणूस जागेवर हवा. तो आपोआप चालणारा असला, तरी तळमजल्यावर पाण्याच्या वाटेत बसवला असेल, तर गच्चीवरच्या जनरेटरचे काम तिथेच थांबते.

आधी यादी, मग यंत्र

आराखड्याची सुरुवात जनरेटरच्या किमतीपासून नव्हे, तर उपकरणांच्या यादीपासून होते. यादीचे तीन भाग करावे लागतात. क्षणभरही बंद पडता कामा नयेत अशी उपकरणे पहिल्या भागात: व्हेंटिलेटर, मॉनिटर, शस्त्रक्रियागृहातील दिवे. काही सेकंद थांबू शकतील ती दुसऱ्या भागात: ऑक्सिजनची यंत्रणा, रक्तपेढीचे फ्रीज, एखादी लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. स्वागतकक्षाचे एसी, जाहिरातीचे फलक यांसारख्या गोष्टी तिसऱ्या भागात. त्या बंद राहिल्या तरी चालते. ही विभागणी कागदावर करून भागत नाही. तिन्ही भागांची वायरिंग वेगळी असावी लागते, नाहीतर संकटाच्या वेळी स्वागतकक्षाचा एसी आणि व्हेंटिलेटर एकाच जनरेटरवर हक्क सांगतात.

मग येते क्षमतेचे गणित. जनरेटरवर क्षमता केव्हीएमध्ये लिहिलेली असते. प्रत्यक्ष वापरता येणारे किलोवॉट साधारण त्याच्या ८० टक्के धरतात. २०० केव्हीएचा जनरेटर म्हणजे १६० किलोवॉट. शिवाय लिफ्ट किंवा पंपाची मोटर थेट सुरू केली, तर त्या क्षणी ती नेहमीच्या सहा ते आठ पट विद्युतप्रवाह ओढते. चार मोटरी एकदम सुरू झाल्या, तर बेरजेत पुरेसा वाटणारा जनरेटरही दम तोडतो. म्हणून उपकरणे टप्प्याटप्प्याने सुरू होतील अशी सोय करतात.

'मग मोठाच घेऊ' हाही उपाय नाही. क्षमतेच्या मानाने फार कमी भारावर डिझेल इंजिन सतत चालले, तर इंधन नीट जळत नाही आणि आत काजळी व तेलकट थर साचत जातो. एका अवाढव्य यंत्रापेक्षा दोन मध्यम आकाराची यंत्रे अनेकदा सोयीची ठरतात. एक बिघडले तरी अत्यावश्यक भार दुसऱ्यावर घेता येतो.

डिझेल किती, ठेवायचे कुठे?

एक लिटर डिझेलमधून ढोबळमानाने साडेतीन ते चार युनिट वीज मिळते. वर सांगितलेला जनरेटर १२० किलोवॉट भारावर चालला, तर तासाला ३० ते ३५ लिटर डिझेल लागेल. आठ तासांना सुमारे २५० लिटर, पूर्ण दिवसाला साडेसातशे ते आठशे. पुरात रस्ते बंद होतात आणि पेट्रोल पंपावरची यंत्रेही विजेवरच चालतात. 'लागेल तेव्हा मागवू' हे नियोजन म्हणूनच कोलमडते. साठवलेले डिझेलही कायम चांगले राहत नाही. टाकीत ओल धरते, गाळ साचतो आणि ऐनवेळी फिल्टर तुंबतो.

जागा ठरवताना पाहायची ती या भागातली आजवरची सर्वांत वरची पूररेषा. जनरेटर, स्विच, पॅनेल, डिझेलचे पंप यांपैकी काहीही त्या रेषेखाली राहता कामा नये. टाकी खालीच ठेवावी लागली, तर तिच्यात पाणी शिरणार नाही अशी बांधणी हवी. धुराडे खिडक्यांपासून आणि हवा आत ओढणाऱ्या झरोक्यांपासून दूर हवे. जनरेटरच्या खोलीत हवा पुरेशी खेळली नाही, तर इंजिन तापून बंद पडते.

खरी परीक्षा भारासहित

अनेक ठिकाणी आठवड्यातून एकदा बटण दाबतात, इंजिन घरघरते, नोंदवहीत सही होते. यातून इंजिन सुरू होते एवढेच कळते. स्विच फिरतो का, भार पेलतो का, हे कळत नाही. अमेरिकेतील मानकानुसार महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटे, क्षमतेच्या निदान ३० टक्के भारावर जनरेटर चालवून पाहणे अपेक्षित आहे. बॅटऱ्यांकडेही असेच लक्ष हवे. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे तापमान २५ अंशांच्या वर दर दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कोंदट खोलीत ठेवलेल्या बॅटऱ्या कागदावरची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी संपलेल्या असतात.

हे समजून घ्यायला अभियंता असावे लागत नाही. शहरातल्या नर्सिंग होमच्या चालकांनी, संस्थेच्या विश्वस्तांनी, घरी ऑक्सिजनचे यंत्र लागणारा रुग्ण असलेल्या सोसायटीनेही चार प्रश्न विचारावेत. मुख्य वीज तोडून, खऱ्या भारावर शेवटची चाचणी केव्हा झाली? आज टाकीत किती तासांचे डिझेल आहे? डिझेलचा पंप आणि चेंजओव्हर स्विच कोणत्या मजल्यावर आहेत? रात्रपाळीत हे सगळे हाताळता येणारी किमान दोन माणसे कोण? या प्रश्नांची उत्तरे फोनाफोनी न करता मिळाली नाहीत, तर ती शोधायला पावसाळ्याची वाट पाहू नये.